एक दिवस वटवाघळाचा, एक दिवस भट्टीचा

बेळगावजवळच्या मच्छे, पिरनवाडी, झाडशहापूर, देसूर, येळ्ळूर या पट्ट्यातल्या प्राथमिक शिक्षकांना, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास समितीच्या, सदस्यांना आणि पालकांना माझी एक विनंती आहे. या वर्षी शाळेतला महिन्याचा एक दिवस एकाच विषयाला द्या, आणि त्या दिवशी त्या विषयाची खरी माहिती देणारी पुस्तकं मुलांच्या हातात पडतील असं बघा.

गोष्टींची पुस्तकं नकोत असं मी म्हणत नाही. ती हवीतच. पण आपल्या शाळांच्या कपाटात, म्हणजे जिथं कपाटाला कुलूप नसतं त्या शाळांत, इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल, तेनाली राम यांच्या पलीकडे फारसं काही सापडत नाही. कोल्ह्याशी बोलणारा वाघ मूल चार-चार वेळा वाचतं. खानापूरच्या जंगलातला खरा वाघ काय खातो, कसा राहतो, पिल्लं किती दिवस आईजवळ असतात, हे वाचायला त्याला काहीच मिळत नाही. मग आपणच म्हणतो, मुलांना माहितीची पुस्तकं आवडत नाहीत. ती पुस्तकं त्यांच्यापुढे ठेवली कुणी?

ही उणीव फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधक बाईंनी पहिलीचे २० वर्ग बारकाईने पाहिले आणि २००० साली आपली पाहणी प्रसिद्ध केली. माहितीपर मजकुराच्या वाट्याला त्या वर्गांत दिवसाकाठी सरासरी ३.६ मिनिटं येत होती. गरीब वस्त्यांतल्या शाळांत तर त्याहूनही कमी. पुस्तकांनी भरलेल्या देशात ही गत, तर आपल्याकडे काय असेल याचा अंदाज कुणीही बांधावा. पुढे पाचवी-सहावीत गेल्यावर विज्ञान, इतिहास, भूगोल सगळं मुलाला याच भाषेत वाचावं लागतं. तिथं गोष्ट नसते, राजा-राणी नसतात. व्याख्या, आकृती, नकाशा, तक्ता, मथळे असतात. चार वर्षं फक्त गोष्टी वाचलेलं मूल तिथं अडखळतं, आणि आपण त्याला 'विज्ञानात कच्चा' असा शिक्का मारून मोकळे होतो.

आता आपली मुलं राहतात ते गाव बघा. मच्छेत व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाचं ज्ञानसंगम आहे, अख्ख्या कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांचा कारभार जिथून चालतो ते ठिकाण. औद्योगिक वसाहतीत फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत. रस्त्याच्या पलीकडे भाताची शेतं, आणि येळ्ळूर-शहापूर-अनगोळकडचा बेळगाव बासमतीचा मुलूख. देसूरला रेल्वे. मान वर केली की राजहंसगड दिसतो. खानापूरच्या मातीची कौलं आणि मडकी, जांबोटी-चोर्ला मार्गे गोव्याला जाणाऱ्या गाड्या, मावळतीकडून येणारा तो बेफाम पाऊस. एवढं सगळं डोळ्यांपुढे असताना सहा-सात वर्षांचं मूल दिवसभर प्रश्न विचारत असतं. दहाव्या वर्षापर्यंत ते विचारायचं थांबतं. उत्तरं मिळाली म्हणून नव्हे, कंटाळून. विषयाचा दिवस करायचा तो यासाठी. प्रश्न पुन्हा ओठांवर यावा आणि तो आल्या आल्या पुस्तक समोर असावं.

फौंड्रीचा दिवस घ्या. मच्छेत आणि उद्यमबागेत आपल्या वर्गातल्या कुणाकुणाचे वडील, काका, मामा कामाला जातात, हे शिक्षकांना हजेरीपट न उघडताही माहीत असतं. त्यांतल्या एका मोल्डरला, म्हणजे साचे करणाऱ्याला, शनिवारच्या सकाळच्या शाळेला बोलवा. भाषण करायला सांगू नका, माणूस बिचकतो. तीन वस्तू तेवढ्या आणायला सांगा. पिशवीभर मोल्डिंगची वाळू, एक लाकडी पॅटर्न आणि फेटलिंग, म्हणजे घासून सफाई, न केलेलं एखादं लहान कास्टिंग.

ही वाळू काळपट, किंचित ओलसर असते. मुठीत दाबली की मुठीच्या आकाराचा गोळा होतो, बोटांचे ठसे त्यावर स्वच्छ उमटतात, आणि गोळा मधोमध मोडला तरी कडा ढासळत नाहीत. वाळू जमली की नाही हे कामगारही असंच दाबून ओळखतात. शेजारी नदीची कोरडी वाळू ठेवा आणि तीही दाबायला सांगा. मूठ उघडताच ती सांडते. हा फरक कुठून आला, हा दिवसाचा पहिला प्रश्न, आणि तो मुलांनीच विचारायचा. मोल्डिंगच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि बेताचं पाणी असतं, हे मोल्डर काका सांगतील. मग कास्टिंग हातोहात फिरू द्या. त्यावरून बोट फिरवलं की मध्ये एक बारीक उंच रेघ लागते. साच्याचा वरचा डबा आणि खालचा डबा जिथं जुळले, तिथली ती खूण. पॅटर्न वाळूत दाबून काढून घेतला की जी पोकळी राहते, त्या पोकळीत लोखंड गेलं आणि हे तयार झालं, एवढं समजायला चौथीच्या मुलाला दहा मिनिटं पुरतात. ते समजताना त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते फळ्यावरच्या आकृतीने कधी येत नाही.

मग एखादा नक्की विचारणार, "काका, लोखंड पाणी होतंय, मग वाळू कशी पाणी होईना?" हाच तो क्षण. काकांना उत्तर ठाऊक असेल किंवा नसेल. बाईंनी उत्तर ठाऊक असलं तरी सांगू नये. "चला, बघूया" म्हणावं आणि टेबलावरचं पुस्तक उघडावं. बिडाचं लोखंड साधारण १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, ओतताना ते १,३५० ते १,४०० अंशांवर असतं, आणि वाळूतली सिलिका वितळायला १,७०० अंशांपर्यंत जावं लागतं. हे तीन आकडे मुलांनी स्वतः शोधून फळ्यावर लिहिले, की वाचन म्हणजे काय हे त्यांना कळलं. आपल्याला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर कागदावर सापडतं, ही खात्री एकदा पटली की पुढचं काम फार सोपं आहे. त्यापुढे शुद्ध लोखंड १,५३८ अंशांना वितळतं, मग बीड एवढ्या कमी तापमानाला कसं वितळतं, हा प्रश्न एखादी चुणचुणीत मुलगी विचारेल. तिच्यासाठी कार्बनची माहिती असलेलं पुस्तक बाजूला काढून ठेवा.

या दिवसाचा आणखी एक लाभ आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. पुस्तकांशी आपला काही संबंध नाही असं धरून चाललेला बाप त्या दिवशी मुलाच्या वर्गात जाणकार म्हणून बसतो. ज्याचं काम पुस्तकात छापलेलं आहे असा माणूस म्हणून मुलं त्याच्याकडे बघतात. त्याचं पोर त्या दिवशी घरी जाताना पुस्तक घेऊन जातंच जातं. एक गोष्ट मात्र पाळा. मुलांना चालू भट्टीजवळ नेऊ नका. वस्तू वर्गात आणा, वर्ग भट्टीकडे नको.

दुसरा दिवस वटवाघळाचा. आपल्या मुलांच्या डोक्यात वटवाघळाबद्दल भीती आणि ऐकीव गोष्टी खच्चून भरलेल्या असतात. ते आंधळं असतं, केसांत अडकतं, रक्त पितं. सुरुवातीलाच हे सगळं मुलांच्या तोंडून काढून घ्या आणि त्यांच्याच शब्दांत फळ्याच्या डाव्या बाजूला लिहा. चूक-बरोबर काही म्हणू नका. खिडक्या लावून वर्ग थोडा अंधारा करा. मग एक जुनी काळी छत्री हळूहळू उघडा. छत्रीच्या काड्यांच्या जागी वटवाघळाची बोटं असतात, आणि कापडाच्या जागी बोटांमधली कातडी. पंख म्हणजे त्याचा हातच. प्रत्येकाने आपली बोटं फाकून बघावीत. आता पुस्तकं वाटा, तीन-तीन मुलांत एक, आणि डाव्या बाजूचं एकेक वाक्य खरं की खोटं ते शोधायला सांगा. वटवाघळाला दिसतं. खरोखर उडू शकणारा सस्तन प्राणी तो एकटाच. किडे खाणाऱ्या जाती अंधारात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भक्ष्य हुडकतात. फळं खाणाऱ्या जाती बिया रानभर पसरवतात. रक्त पिणाऱ्या अवघ्या तीन जाती आहेत, त्याही दूर अमेरिका खंडात. प्रत्येक उत्तराला पानाचा नंबर लावायचा, हा नियम मुलांना फार आवडतो. पुराव्यानिशी बोलायची सवय लागते ती इथून.

आणि या दिवसाचा हुकमी पत्ता शेवटी काढा. आपल्याच खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानातल्या बारापेडे गुहांत, राउटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. १९१३ साली शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन नोंदवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं ते जगाच्या पाठीवर फक्त इथंच आहे असं मानलं जात होतं. नंतर मेघालयात आणि कंबोडियातही ते आढळलं. भीमगडला २०११ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत आपल्या तालुक्यातल्या गुहांचं नाव आहे, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? मोठ्यांनाही विचारून बघा. वटवाघळाला हात लावायचा नाही, खाली पडलेलं सापडलं तरी मोठ्यांना सांगायचं, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

तिसरा दिवस नकाशाचा करता येईल. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते. खानापूरवरून, सौंदत्तीच्या नविलुतीर्थ धरणातून ती कूडलसंगमला कृष्णेला मिळते, आणि ते पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगराळ पट्ट्यात भीमगडच्या बाजूला म्हादई उगम पावते, ती गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. शेजारच्या दोन डोंगरांवर पडलेले दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांत जातात. जमिनीवर खडूने मोठा नकाशा काढा, मुलांनाच थेंब करा आणि चालवा. चालताना वाटेत लागणाऱ्या प्रत्येक गावाची, धरणाची दोन ओळींची चिठ्ठी आधीच टाकून ठेवा. मुलांनी ती उचलून मोठ्याने वाचायची आणि पुढे जायचं. नकाशा म्हणजे परीक्षेत नावं भरायचा कागद, ही समजूत तिथंच गळून पडते. कळसा-भांडुरा पाणीवादाची चर्चा ही मुलं घरी ऐकतच असतात. ती कशाबद्दल आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळेल.

किल्ल्याचा दिवस तर आपल्याकडे आयताच आहे. दिवाळीत बेळगाव भागातल्या गल्लीगल्लीत पोरं मातीचे किल्ले करतात. त्यासाठी कुणी सांगायला लागत नाही, बक्षीसही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात वर्गात किल्ल्यांची पुस्तकं येऊ द्यात. गो. नी. दांडेकरांसारख्या भटक्या लेखकाच्या दुर्गवर्णनातली निवडक पानं बाईंनी वाचून दाखवावीत. माची कशाला म्हणतात, बुरूज गोल का, पाण्याची टाकी कुठं खोदतात, दरवाजा वळणावर का लपवतात, हे वाचून पोरं सुट्टीला गेली तर त्यांच्या किल्ल्यात यंदा नुसते मावळे उभे न राहता पाण्याचं टाकंही दिसेल. राजहंसगड तर उशालाच आहे, चढून ताडून बघता येईल.

निपाणीकडच्या शाळांना माझी सूचना वेगळी आहे. तिथं आजी-आजोबांचा दिवस करा. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूला भाव मिळावा म्हणून निपाणीत शेतकऱ्यांनी जे आंदोलन केलं, ते पाहिलेली माणसं अजून घराघरांत आहेत. विड्या वळणाऱ्या आज्या आहेत. मुलांनी घरून पाच प्रश्न लिहून आणावेत, वर्गात आलेल्या आजोबांना विचारावेत, उत्तरं लिहावीत, आणि मग त्याबद्दल छापलेलं काही वाचावं. आजोबा सांगतात ते आणि कागदावर आहे ते कुठं जुळतं, कुठं जुळत नाही, हे बघण्यात इतिहास शिकण्याचा खरा गाभा आहे. बेळगावातल्या मुलांना हेच १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाबद्दल करता येईल. गांधीजी अध्यक्ष झाले असं ते एकमेव अधिवेशन, आणि त्यासाठी खोदलेली विहीर टिळकवाडीत आजही आहे.

आता एक कळकळीची गोष्ट. असे दिवस हां हां म्हणता सजावटीचे होतात. थर्माकोलचं वटवाघूळ करायला आई-बाबा रात्र जागवतात, मुलाला काळे कपडे शिवून घेतात, पाहुण्यांचा सत्कार होतो, फोटो व्हॉट्सअपवर जातात आणि दिवसभरात एका मुलाने एक पान वाचलेलं नसतं. हे होऊ देऊ नका. आधी पुस्तकं गोळा करा, पुस्तकं जमली नाहीत तर तो विषय पुढे ढकला. निम्मा वेळ वाचनाला राखून ठेवा. जे करायचं ते मुलांच्या हातांनी, घरातल्या वस्तूंनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवस संपला म्हणून पुस्तकं परत कपाटात घालू नका. पुढचे आठ दिवस ती बाकावर, खिडकीत, मुलांच्या हाताला लागतील अशी राहू द्या. खरं वाचन त्या आठ दिवसांत होतं. कार्यक्रमाच्या गडबडीत ज्याला बोलता आलं नाही, असं एखादं मुकं पोर मधल्या सुट्टीत एकटंच पुस्तक उघडून बसलेलं दिसेल. त्याला हाक मारू नका.

पुस्तकं कशी वाचायची हेही थोडं बदलावं लागेल. माहितीचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे असं नाही. अनुक्रमणिकेतून हवं ते पान काढणं, चित्राखालची ओळ वाचणं, आकृतीतल्या बाणामागे जाणं, हे सगळं वाचनच आहे. अक्षरं जुळवून वाचणाऱ्या मुलाला चित्राखालची एक ओळ द्या. ती ओळ त्याने वर्गाला वाचून दाखवली की त्यालाही सांगण्यासारखं काहीतरी मिळालं. पाठांतर, प्रश्नोत्तरं, निबंध यांतलं काहीही त्यावर लादू नका. 'या पुस्तकातून काय बोध मिळाला' हा प्रश्न तर कृपा करून विचारू नका. दोन पुस्तकांत दोन वेगळे आकडे सापडले तर तो उत्सवाचा क्षण माना. कुठलं पुस्तक नवं, कुठलं जुनं, लिहिणारा कोण, हे मुलांबरोबर बसून बघा.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न रास्त आहे. आपली पाठ्यपुस्तकं कर्नाटकाची, त्यामुळे महाराष्ट्रातली मराठी पुस्तकं आणि मासिकं शाळेत आपोआप येत नाहीत. ती आपल्याला मिळवावी लागतात. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. त्यांत विज्ञान, प्राणी, प्रवास, माणसं यांवरचे लेख खच्चून भरले आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर लहान मुलांची चित्रमय माहितीपुस्तकं फुकट आहेत, आणि तिथं कितीतरी पुस्तकं मराठीतही आहेत, कन्नडमध्येही. आपल्या मुलांना दोन्ही भाषा शिकायच्याच आहेत. वटवाघळाचं पुस्तक आधी मराठीत वाचून झालं की तेच कन्नडमध्ये वाचताना निम्मं काम झालेलं असतं. कन्नड शिकवणाऱ्या बाईंना या दिवसात जरूर सामील करून घ्या.

तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून उभा केलेला मराठी विश्वकोश आता इंटरनेटवर आहे. त्यात ओतकामावर नोंद आहे, वटवाघळावर आहे, बटाट्यावर आहे. त्याची भाषा लहान मुलांना जड जाते, हे खरं. शिक्षकांनी तो वाचावा आणि त्यातल्या सात-आठ ओळी सोप्या करून मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरवाव्यात. असे दहा पुठ्ठे झाले की एका विषयाची पेटी तयार. ती पेटी पुढच्या महिन्यात शेजारच्या गावच्या शाळेला द्या, त्यांची तुम्ही घ्या. सहा शाळांनी मिळून सहा पेट्या केल्या तर सगळ्यांच्या वर्षाची बेगमी झाली. मोठ्या वर्गांसाठी वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आहे. माधुरी शानभाग यांनी मराठीत आणलेलं अब्दुल कलामांचं 'अग्निपंख' आहे, आणि त्या आपल्या बेळगावच्याच. कलामांच्या जन्मदिवशी, १५ ऑक्टोबरला, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन होतो. सीमेच्या अलीकडे तो करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही.

ग्रामपंचायतींच्या वाचनालयांकडेही वळा. कर्नाटक सरकारने २०२० च्या बालदिनी 'ओदुव बेळकु' योजना सुरू केली, तिच्यात मुलांना या वाचनालयांचं सभासदत्व फुकट मिळतं. तिथं मराठी पुस्तकं कमी असतील तर लेखी मागणी करा. मागणी नसते म्हणून पुस्तकं येत नाहीत, आणि पुस्तकं नसतात म्हणून मुलं जात नाहीत. हे कोडं आपल्याकडूनच सुटायला हवं. आपल्या गावोगावची साहित्य संमेलनंही आहेत. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कारदगा या गावांनी वर्षानुवर्षं ग्रंथदिंड्या काढून जो वारसा चालवला, त्याचा मला फार आदर वाटतो. त्या संमेलनांच्या आयोजकांना एवढंच सांगणं आहे की पुढच्या वेळी दिंडीतल्या पालखीत मुलांसाठी माहितीची दहा पुस्तकं ठेवा, आणि दिंडी पोचल्यावर ती गावच्या शाळेला देऊन टाका.

"पोर्शन कधी पूर्ण करायचा?" असं शिक्षक विचारतील. त्यांच्यावरचं ओझं मी जाणतो. माहिती भरा, मीटिंगला जा, माध्यान्ह आहार बघा, निवडणुकीचं काम करा. म्हणूनच मी महिन्यातला एकच दिवस मागतो आहे. शिवाय परिसर अध्ययनाचं पुस्तक उघडून बघा. पाणी, प्राणी, अन्न, व्यवसाय, प्रवास, आपलं गाव. हे दिवस त्याच पाठांचे आहेत. सरकारी शाळांतल्या कलिका हब्ब या शिकण्याच्या उत्सवात 'ऊरु तिळियोण', म्हणजे आपलं गाव जाणून घेण्याचा, एक कोपरा होताच. तो कोपरा एका हब्बापुरता का ठेवायचा? प्रतिभा कारंजीच्या स्पर्धांच्या तयारीला आपण जेवढे दिवस देतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात हे बसतं. आणि हे अशक्य नाही, हे शेजारच्या कोल्हापूरने दाखवून दिलं आहे. लीलाताई पाटील यांनी तिथं १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केलं, आणि आजूबाजूचा परिसर, मुलांचे प्रश्न, मुलांनी स्वतः केलेला शोध यांवर शाळेतलं शिकणं उभं केलं. त्यांच्याकडे पैशांचा डोंगर नव्हता.

पालकांना वेगळं सांगायचं तर एवढंच. मूल पुस्तक घेऊन घरी आलं की "अभ्यासाचं आहे का?" असं विचारू नका. "काय लिहिलंय त्यात, मला सांग" म्हणा. तुम्हाला वाचता येत नसेल तर अधिकच चांगलं, मुलाला वाचून दाखवायला खरं कारण मिळेल. ते भाताबद्दल वाचत असेल तर तुमच्या शेतात कसं आहे ते सांगा, पुस्तकात चुकलं असेल तर तसंही सांगा. वाढदिवसाला केकच्या पैशांतले शंभर रुपये बाजूला काढून शाळेच्या पेटीत एक पुस्तक टाका.

आता सुरुवात. शाळा उघडते तेव्हा पाऊस दारात असतो, म्हणून पहिला दिवस पावसाचा घ्या, त्याला खर्च काहीच नाही. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवा. बाटलीचा तळ वाकडातिकडा असतो, म्हणून तळाशी थोडे खडे आणि पाणी घालून ते सपाट करा आणि त्या पाण्याच्या रेषेवर पट्टीचा शून्य लावा. रोज सकाळी मिलिमीटर मोजा, तक्त्यावर लिहा, आणि वर्तमानपत्रात बेळगाव, खानापूर, कणकुंबीचे आकडे येतात ते कापून शेजारी चिकटवा. कणकुंबीचा आकडा एवढा मोठा का, हे मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतील. त्या दिवशी सह्याद्रीची आणि ढगांची पुस्तकं तयार असू द्या. मोठ्या मुलांना एक गणित द्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. मग सहा मीटर रुंद, आठ मीटर लांब वर्गाच्या छपरावर दहा मिलिमीटर पाऊस पडला तर किती घागरी भरतील? बाटली झाडाखाली किंवा वळचणीला ठेवू नका, उघड्यावर ठेवा. भोवती चार विटा लावा म्हणजे वाऱ्याने पडणार नाही, आणि मोजायचं काम रोज वेगळ्या मुलाकडे द्या.